तरुणांची बोली आणि आपलं वाढतं वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली २७ वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. पालकसभेत मार्क, हजेरी, क्लास हे सगळं बोलून होतं. मग काही पालक दारापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. "मॅडम, एक विचारायचं होतं. पोरगं घरात सारखं ऑरा, ऑरा करतंय. काय असतं ते?" दारातून परत फिरून विचारलेले असे प्रश्न मी इथे एकत्र केले आहेत. माझं बालपण कोल्हापूरचं आणि नोकरी ठाणे जिल्ह्यातली. त्यामुळे उदाहरणंही बहुतेक या दोन टोकांमधलीच आहेत.

चाळिशी उलटली की तरुणांचे शब्द एकदम परके का वाटायला लागतात?

आपण कट्ट्यावरून उठलेले असतो म्हणून. असे शब्द जन्मतात ते सारख्या वयाची माणसं दिवसाचे कितीतरी तास एकमेकांच्या सोबतीत घालवतात तिथे. पूर्वी ती जागा म्हणजे होस्टेल, टपरी, कॉलेजचा जिना. आता त्यात मोबाईलवरचे खेळ आणि रील्सची भर पडली आहे. विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी बोलीतल्या बदलांचा आयुष्यभर अभ्यास केला. बोलण्यातल्या नव्या बदलांत किशोरवयाच्या शेवटाकडची मुलं सगळ्यांत पुढे असतात, असं त्यांच्या कामातून दिसतं. त्यानंतर माणसाची बोली हळूहळू स्थिरावते. यात तुमच्या बुद्धीला गंज चढण्याचा काही संबंध नाही.

आणि नवे शब्द घडवायची ताकद मोठ्यांतही शाबूत असते. डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने जाऊन त्याच गाडीने परत येतात. त्याला सगळ्या वयाच्या बायका 'डाऊन करून येणं' म्हणतात. 'चौथी सीट' म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकण्यापुरती मिळवलेली जागा, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. रोज एकत्र प्रवास करणाऱ्यांनी हे शब्द केले, आणि त्यातले कितीतरी पन्नाशीच्या पुढचे होते.

मग शब्द इतक्या भराभर बदलतात कशाला? 'छान' म्हणायला किती शब्द लागतात?

लागतात, कारण कौतुकाचे शब्द झिजतात. नवा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा त्यात धक्का असतो. सगळेच तो वापरायला लागले की धक्का उरत नाही, मग आणखी जोराचा शब्द हवा होतो. मराठीत ही साखळी फार सुंदर दिसते. आपण कौतुकासाठी सतत वजनाचे, भीतीचे, नासधुशीचे शब्द उचलत आलो आहोत. भारी म्हणजे वजनदार, कडक म्हणजे टणक, जबरदस्त म्हणजे बळजोरी करणारा. खतरनाक आणि डेंजर तर उघडच आहेत. 'भन्नाट' मूळचा वाऱ्याचा शब्द, भन्नाट वारा सुटला की कौलं उडायची. नंतर तोच शब्द नाटकाला, भेळेला, कल्पनेला लागला. 'राडा' म्हणजे मारामारी, पण आज एखादीने सुंदर भाषण केलं तरी "राडा केलास" म्हणतात. माझी आई 'भयंकर सुंदर' म्हणायची तेव्हा आजी चिडायची, की सुंदर गोष्टीला भयंकर कशी म्हणतेस. वाद तोच आहे, शब्द तेवढे पुढे सरकलेत.

दुसरं कारण आपलेपणाचं. आपल्यातल्यांना कळावं आणि बाकीच्यांना कळू नये ही ओढ जुनी आहे. गिऱ्हाइकासमोर आकडे बोलता यावेत म्हणून व्यापाऱ्यांनी नंदभाषा केली. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो, 'काय'चं 'चयका' करायचो आणि मोठ्यांना काही समजत नाही म्हणून खूश व्हायचो. मोठ्यांना ती समजायला लागली की त्यातली मजाच गेली. तरुणांच्या शब्दांचंही हेच होतं. जाहिरातीत, पुढाऱ्याच्या भाषणात किंवा वडिलांच्या तोंडी शब्द आला की मुलं तो टाकून पुढे जातात.

'विषय हार्ड', 'नाद खुळा' ही कुठली भाषा?

कोल्हापूरची, म्हणजे माझ्या माहेरची. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

'नाद' या शब्दाला मराठीत दोन बाजू आहेत. एक देवळातल्या घंटेचा नाद, दुसरा माणसाला लागतो तो. पत्त्यांचा नाद, तमाशाचा नाद, म्हणजे काळजीचं कारण. 'खुळा' म्हणजे वेडा, आणि आमच्याकडे तो रोजच्या वापरातला शब्द आहे. "खुळा हाईस काय?" हे प्रेमानेही म्हणतात. हे दोन शब्द एकत्र आले आणि 'नाद खुळा' झालं, म्हणजे इतकं उत्तम की समोरच्याला वेड लागावं. तांबड्या रश्श्याला म्हणतात, कुस्तीतल्या डावाला म्हणतात, नव्या बुलेटलाही म्हणतात. 'नाद करायचा नाय' याचा अर्थ मात्र वेगळा: आमच्या वाटेला जाऊ नका.

'विषय हार्ड' त्यानंतरचं. एखादं काम, माणूस किंवा वस्तू इतरांच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मान्य करायची ती रीत. 'विषय खोल' हा त्याचा भाऊ, पण त्यात काहीतरी गुंता असल्याची छटा आहे. 'जाळ अन् धूर संगटच' हे मला सगळ्यांत आवडतं. जाळ आधी, धूर नंतर ही जगाची रीत, पण इथे दोन्ही एकदमच. अशी प्रतिमा कुठल्या समितीत बसून सुचत नाही.

हे शब्द मोबाईलमुळे कोल्हापुरातून नागपूरपर्यंत गेले. एके काळी गावच्या बोलीची मुलं शहरातल्या कॉलेजात आली की पहिले सहा महिने गप्प बसायची, कारण 'हाय', 'न्हाय' ऐकून बाकीचे हसायचे. मीही तशीच गप्प बसले होते. आज ठाण्यातली मुलं मुद्दाम कोल्हापुरी ढंगात बोलतात आणि त्यात त्यांना रुबाब वाटतो. या बदलाचा मला मनापासून आनंद आहे.

आणि ते इंग्रजीतून आलेले शब्द? रिझ, डेलुलु, ऑरा, नो कॅप?

प्रत्येकाच्या जवळपास जाणारा मराठी शब्द आपल्याकडे आहे. तो सापडला की परकेपणा निम्मा होतो.

ऑरा म्हणजे वट. "गावात त्याची वट आहे" म्हणतो तीच ही वट, फक्त मुलं ती खेळातल्या गुणांसारखी मोजतात: हे केलंस तर प्लस हजार, घसरून पडलास तर मायनस हजार. नो कॅप म्हणजे आईशप्पथ. क्रिंज म्हणजे करणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं काही, ओशाळवाणं. रिझ म्हणजे बोलण्यातून भुरळ घालायची हातोटी. इंग्रजीतल्या करिश्मा या अर्थाच्या शब्दाचा मधला तुकडा मोडून तो घेतला आहे, आणि ऑक्सफर्डने त्याला २०२३ सालचा शब्द म्हणून निवडलं. डेलुलु म्हणजे स्वतःच्याच कल्पनेत रमलेला, मनातले मांडे खाणारा. तो कोरियन गाण्यांच्या चाहत्यांमधून पसरला आणि २०२५ मध्ये केंब्रिजच्या शब्दकोशात गेला. घोस्ट करणं म्हणजे काहीही न सांगता उत्तर देणं बंद करणं. घरातली मुलगी "त्याने मला घोस्ट केलं" म्हणाली तर शब्दाच्या अर्थापेक्षा तिच्याकडे आधी लक्ष द्या.

'ब्रेनरॉट' म्हणजे निरर्थक व्हिडिओ बघून मेंदू सडणं, हा ऑक्सफर्डचा २०२४ सालचा शब्द. तो अगदी ताजा वाटतो, पण त्याची सर्वांत जुनी नोंद १८५४ सालची आहे, हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाच्या लिखाणातली.

एक गोष्ट मुलांनाही सांगण्यासारखी आहे. नो कॅप, स्ले (बाजी मारणं), लिट (झकास) यांसारखे बरेच शब्द मुळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतले आहेत. तिथे त्यांच्या बोलीला पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध म्हणून हिणवलं गेलं. वर्गात हे सांगितलं की आमच्या 'हाय-न्हाय'ची गोष्ट आपोआप निघते.

'सिक्स-सेव्हन'चा अर्थ काय?

काहीच नाही. एका अमेरिकन रॅप गाण्यातून ते आलं. दोन्ही तळवे वर करून तराजूसारखे हलवत मुलं ते ओरडतात. डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ साली हाच वर्षाचा शब्द ठरवला. 'अडम तडम तडतड बाजा'चा अर्थ आपल्याला तरी कुणी सांगितला होता?

मी हे शब्द स्वतः वापरावेत का?

माझं मत स्पष्ट आहे. समजून सगळे घ्यावेत, बोलावेत तेवढेच जे आपणहून तोंडात येतात.

पारखायची एक साधी रीत आहे. खूप आनंद झाला किंवा हात भाजला, तर तुमच्या तोंडून काय निघतं? तिथे जो शब्द येतो तो तुमचा. माझ्या तोंडून "आयला" निघतं आणि "झकास" निघतं. 'लोचा', 'वांधा', 'पोपट झाला', 'वाट लागली' हेही माझेच, कारण सतरा-अठराव्या वर्षी ते माझ्यात रुजले. 'भारी' मुलांचाही आहे आणि माझाही. 'क्रिंज' मी गेल्या चार वर्षांत इतका ऐकला की आता तो न ठरवता येतो, म्हणून बोलते. 'रिझ' येत नाही, म्हणून बोलत नाही.

ठरवून वापरलेला शब्द मुलांना लगेच कळतो. शब्द बरोबर असतो, पण हेल चुकतो, जागा चुकते. मुलांना तो आपल्या खोलीत न विचारता आल्यासारखा वाटतो. उलट तुम्ही तुमचा शब्द तुमच्या जोरात वापरलात तर त्यांना आवडतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी 'कल्टी मारली' माझ्याकडून उचललं आणि आता ती ते एकमेकांशी बोलतात.

अर्थ विचारायचा कसा? मुलं "जाऊ दे, तुला नाही कळणार" म्हणतात.

"याचा अर्थ काय?" असं विचारलं की उत्तर बहुधा मिळत नाही, कारण अर्थ त्यांनाही नेमका सांगता येत नसतो. "हे कुणाला म्हणतात आणि कुणाला म्हणत नाहीत?" असं विचारून बघा. मुलं लगेच उदाहरणं द्यायला लागतात, भांडतात, एकमेकांना दुरुस्त करतात. माझ्या वर्गात 'छान', 'भारी' आणि 'विषय हार्ड' यांतला फरक सांगताना पाऊण तास गेला. त्या दिवशी मुलांनी शब्दांच्या छटा ज्या बारकाईने उलगडून दाखवल्या तितक्या बारकाईने कवितेच्या तासाला कधी दाखवल्या नव्हत्या.

दोन पथ्यं पाळा. त्यांच्या मित्रांसमोर विचारू नका. आणि मिळालेला शब्द रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, कारण त्यानंतर तुम्हाला कुणी काही सांगणार नाही.

इंटरनेटवर अर्थ शोधणार असाल तर जपून. अर्बन डिक्शनरीसारख्या ठिकाणी कुणीही अर्थ लिहितं, त्यात थट्टेचे आणि अश्लील अर्थ भरपूर असतात, आणि 'जाळ अन् धूर'ला तिथे कोण विचारतो? मी एक वही ठेवली आहे. शब्द, तारीख, कोण कुणाला म्हणालं आणि पूर्ण वाक्य. वाक्य नसेल तर महिन्याभरात शब्दाची चव विसरते.

मुली एकमेकींना 'भावा', 'ब्रो' म्हणतात. हे बरं आहे का?

वाईट काय आहे त्यात? "काय राव" बायका कधीपासून म्हणतात, आणि माझी आजी सुनेलाही "अरे बाबा" म्हणायची. संबोधनातलं लिंग बोलताना असंच झिजतं.

माझ्या मेसेजवरून मुलगी म्हणते, "चिडली आहेस का?" मी तर फक्त 'ठीक आहे.' लिहिलं होतं.

त्या पूर्णविरामामुळे. आपण पत्रं लिहिणारी माणसं, आपल्याला विराम दिल्याशिवाय वाक्य उघडं वाटतं. मुलांच्या लेखी मेसेज पाठवला की वाक्य संपलंच, मग वर आणखी ठिपका कशाला? म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ सालच्या अभ्यासातही असंच आढळलं: मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचं वाटत होतं. अंगठ्याचंही तेच. आपल्याला तो होकार, तिला तो 'बरं, पुरे आता'. कवटीचं चित्र आलं तर घाबरू नका. "हसून हसून मेले" हे आपण कायम म्हणतो, ते तिने चित्रात लिहिलं इतकंच.

मराठी रोमन लिपीत का लिहितात, आणि स्वर का खातात, याचं एक कारण आपल्याच पिढीत आहे. साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावायची आणि देवनागरी फक्त ७०. मेसेजला पैसे पडत होते, कीपॅडवर देवनागरी बहुधा नव्हतीच. 'काय करतोयस'मधले स्वर गाळायची सवय त्या दिवसांत आपणच लावून घेतली. आता फोनवर देवनागरी सहज लिहिता येते, तरी सवय मागे राहिली.

एखादा शब्द खटकला तर टोकावं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शब्द नवा आहे, इंग्रजी आहे, कानाला खरखरीत लागतो, एवढ्यावरून टोकू नये. शब्दाखाली कुणी चिरडलं जात असेल तर जरूर टोकावं.

'छपरी' घ्या. केसांना रंग लावलेल्या, मोठ्या आवाजाची गाडी चालवणाऱ्या गरीब घरच्या मुलाला हा शब्द लावतात, आणि चांगल्या घरची मुलंही तो सर्रास वापरतात. छप्पर शाकारणं हे ज्यांचं परंपरेचं काम, त्या छप्परबंद समाजाशी या शब्दाचं नातं सांगितलं जातं. हा समाज महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलाने शांतपणे विचारलं, "मॅडम, मग 'भामटा' कुठून आला?" त्याचा प्रश्न रास्त होता. भामटा हे नावही त्याच यादीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसांना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण समाजाचं नाव आपल्या तोंडात शिवी म्हणून राहिलं. लबाड माणसाला भामटा म्हणायची सवय मला लहानपणापासून होती. त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला, आणि मुलांना 'छपरी' सोडायला सांगायचा हक्क मला त्यानंतरच मिळाला असं मला वाटतं.

मुलींना 'आयटम', 'माल', 'सामान' म्हणणं हे आपल्या पिढीनेच रुळवलं. आज माझ्या वर्गातल्या मुली असा शब्द ऐकला की तिथल्या तिथे सुनावतात. आम्ही मान खाली घालून पुढे जायचो.

या सगळ्यात मराठी बिघडत नाही का?

शिवकाळात फारसी शब्द काढून टाकण्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी 'जबरदस्त' राहिला. भाषेचा कणा व्याकरणात असतो, आणि मुलं ते सोडत नाहीत. "त्याने मला घोस्ट केलं", "उगाच फ्लेक्स मारतोय" (म्हणजे मिरवतोय), "गुगलून बघ" ही वाक्यं ऐका. प्रत्यय मराठी, क्रियापदाची चाल मराठी. बाहेरचा शब्द दारात आला की त्याला 'करणे', 'मारणे', 'होणे' यांच्या हाताखाली कामाला लावायचं, ही मराठीची जुनी पद्धत आहे. उत्तरपत्रिकेत मला 'क्रिंज' क्वचितच दिसतो, कारण कुठे काय लिहायचं हे मुलांना कळतं.

टोळीभाषेतला एखादा शब्द पुढे मानाचाही होतो. बिन आणि धास्ती मिळून झालेला 'बिनधास्त' आज अग्रलेखात बसतो आणि 'बिंदास' होऊन हिंदीतही नांदतो.

चिंता मला वेगळीच आहे. मुलांना झाडांची, धान्याची, नात्यांची मराठी नावं माहीत नसतात. 'साडू' कोण, 'नाचणी' आणि 'वरई' यांत फरक काय, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. हे 'रिझ'मुळे झालेलं नाही. घरात ते शब्द उच्चारणारं माणूस कमी झालं म्हणून झालं आहे. 'रिझ'वर भांडण्यात गेलेला वेळ तिकडे द्यावा असं मी पालकांना सांगते.

परदेशात वाढणाऱ्या आमच्या मुलांना हे शब्द कसे कळणार?

त्यांची मराठी घरातली, म्हणजे आईवडील देश सोडताना जी घेऊन गेले ती. म्हणून न्यू जर्सीतला पंधरा वर्षांचा मुलगा छान 'झकास' म्हणतो. सुट्टीत इथल्या मावस-आते भावंडांबरोबर आठवडाभर मोकळं सोडा. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकून येईल.

आमचे जुने शब्द मुलांना सांगण्यात काही अर्थ आहे का?

फार आहे. काही शब्द वस्तूबरोबर जातात, आणि मग त्यांचा अर्थ सांगायला फक्त आपणच उरतो. इंजिनीअरिंगला गेलेल्यांना 'जीटी मारणं' आठवत असेल. काच आडवी ठेवायची, खाली ट्यूबलाईट किंवा बल्ब लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंगशीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि रात्रभर रेघा गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंगची ही जीटी. संगणकावर ड्रॉइंग आलं आणि शब्दाची जागाच गेली. 'केटी', म्हणजे राहिलेला विषय घेऊनच पुढच्या वर्गात जाणं, मात्र टिकली, कारण विषय अजून राहतात.

गेली काही वर्षं मी माझी ती वही वर्गात ठेवते. डाव्या पानावर मुलं त्यांचे शब्द लिहितात, उजव्या पानावर घरातून विचारून आणलेले मोठ्यांचे. मागच्या महिन्यात 'जीटी'समोर एका मुलीने वडिलांचं वाक्य जसंच्या तसं लिहून आणलं: "होस्टेलात काच एकच होती, खिडकीची काढलेली. सबमिशनच्या आदल्या रात्री नंबर लावून जीटी मारायचो, माझा नंबर पहाटे चारला लागला." त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, "बाबांचा विषय हार्ड."